म्हसगाणावरची पावलं

"ताई, वाघ दिसेल ना?"

गाडीतून एक पाय खाली टाकायच्या आतच हा प्रश्न येतो. मी तीन हंगाम तो ऐकला. सुरुवातीला मी सरळ सांगायचे, "आपल्याकडे वाघ नाही. बिबट्या आहे, पण तोही सहसा दिसत नाही." मग समोरच्यांचे चेहरे पडायचे आणि वाघ जणू मीच कुठेतरी लपवून ठेवलाय, अशा नजरेनं ते माझ्याकडे बघायचे. ठाण्याच्या एका काकांनी तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाळ, खरं सांग. मोठ्या साहेबांचे पाहुणे आले की दाखवता ना?"

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. मी अजून अलिबागच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातली कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील रेवदंड्याच्या बाजूला मिनीडोर रिक्षा चालवतात, आई पोफळीच्या वाडीत कामाला जाते. शनिवार, रविवार आणि सुट्टीत मी मुरुडच्या वरच्या अंगाला असलेल्या अभयारण्यात गाईडचं काम करायचे. करायचे म्हणतेय, कारण सध्या करत नाही. ते का, हेच मला लिहायचं आहे. नीट जमेल की नाही माहीत नाही.

आमचं जंगल समुद्राला जवळजवळ टेकलेलं आहे. खाली नारळी-पोफळीच्या वाड्या, बांबूंवर सुकणारे बोंबील, लॉजच्या पाट्या. तिथून चढ लागला की ऐन, किंजळ, अंजनी, जांभूळ. वरच्या माळावरून मागे वळून पाहिलं तर झाडांच्या फटीतून होड्या दिसतात. गारंबीचे वेल माणसाच्या मांडीएवढे जाड, आणि त्यांच्या शेंगा हातभर लांब. शेकरू आहे, भेकर आहे, सांबर आहे, रानडुकरं तर खूपच. पाण्याच्या जागेला आमच्याकडे गाण म्हणतात. उन्हाळ्यातही न आटणारं तळं म्हणजे गाण. उन्हाळ्यात सगळं जंगल या गाणांच्या भोवती गोळा होतं.

गाईड म्हणजे वाट दाखवणारा, असं लोकांना वाटतं. वाट काय, कोणीही दाखवेल. खरं काम संशय घ्यायचं आहे. भेकर भुंकलं की बिबट्या निघाला, असं पुस्तकात असतं. पण ते गावच्या कुत्र्यालाही भुंकतं, आणि कधी कधी तुमच्या टोपीलाही भुंकतं. फांदी हलली तर आधी वारा समजायचा, मग माकड, मग शेकरू, आणि अगदी शेवटी बिबट्या. पाहुण्यांचाही संशय घ्यावा लागतो. गारंबीची शेंग पिशवीत घालून नेणारे बरेच, आणि "ताई, ही आम्ही बाहेरूनच आणली होती" असं तोंड वर करून सांगणारेही बरेच. एकदा एका सद्‌गृहस्थांच्या पाठीवरच्या सॅकमधून तांबट पक्षी ओरडत होता. सॅक उघडायला लावली तर आत छोटा स्पीकर. म्हणाले, "पक्ष्याला वाटतं आपलं माणूस आलंय, मग तो जवळ येतो." मी म्हटलं, "काका, तो भांडायला येतो. त्याला वाटतं कोणी घर बळकावायला आलंय." त्यांनी स्पीकर बंद केला, पण वाटभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

पहिल्या हंगामानंतर आम्हा गाईडना प्रशिक्षणासाठी विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पात नेलं होतं. मी इतक्या लांब पहिल्यांदाच गेले होते. ते जंगल आमच्यासारखं नाही. सागवान आणि बांबू, पायाखाली पानांचा कुरकुर आवाज, आणि जंगलातल्या रस्त्यांवर पिठासारखी मऊ धूळ. तिथले माग काढणारे लोक पहाटे त्या धुळीवरून वाकून चालतात आणि आपण सकाळी पेपर वाचतो तसा रस्ता वाचतात. त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांनी आम्हाला पावलं शिकवली. पुढचा पंजा रुंद, मागचा थोडा निमुळता. डावा कोणता, उजवा कोणता, ते बोटांवरून कळतं. शेवटी ते म्हणाले, "आणि वाघ चार पायांवर चालतो, हे विसरू नका." आम्ही सगळे हसलो.

वाघ मला तिथे दिसला. म्हणजे त्याची पाठ दिसली. तो रस्ता ओलांडून बांबूत गेला. त्या भागात सगळं वाघावर चालतं, हॉटेलं, जीपा, चहाच्या टपऱ्या. परतताना रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या घरांची एक सरळ रांग दिसली. जंगलातून उठवलेलं गाव होतं ते. नळावर पाणी भरणाऱ्या एका बाईनं मला विचारलं, "तुमच्याकडे आहे का वाघ?" मी नाही म्हटलं. "बरं आहे," ती म्हणाली, आणि कळशी उचलून गेली.

निघताना तिथल्या लोकांनी आम्हाला वाघाच्या पावलाचा प्लास्टरचा ठसा भेट दिला. तो आमच्या माहिती केंद्रात काचेच्या कपाटात ठेवला होता. कपाटाची एक चावी आमचा म्होरक्या नरेशदादाकडे आणि एक माझ्याकडे. सगळा संशय पुढे या दोन चाव्यांवर आला.

आता म्हसगाणाबद्दल. वरच्या माळाच्या पलीकडे हे तळं आहे आणि त्याच्या काठाला गवळी धनगरांची दोन घरं आहेत. एक बंद असतं. दुसऱ्यात बायजाआजी राहते. तिचा मुलगा सकाळी दुधाचे कॅन घेऊन खाली उतरतो तो संध्याकाळी वर येतो. दिवसभर आजी आणि म्हशी. अभयारण्य व्हायच्या आधीपासून ही माणसं तिथे आहेत. मी पाहुण्यांना घेऊन गेले की आजी ताक द्यायची, आणि त्यांच्यादेखत मला विचारायची, "ह्यांना घरदार न्हाय का गं?"

म्हसगाणाला मागच्या बाजूनं एक कच्चा रस्ता येतो. तो गेटला वळसा घालून येतो. शनिवार-रविवारी किनाऱ्यावरच्या लॉजमधून निघालेल्या जीपा त्या रस्त्यानं वर यायच्या. गाणी लावायची, प्यायची, पाण्यात उतरायचं, बाटल्या फोडायच्या. आजीच्या एका म्हशीचा खूर काचेनं कापला, चिघळला, आणि ती म्हैस पुन्हा धड उभी राहिली नाही. आम्ही तक्रार केली. पण गार्ड मोजकेच आणि जंगल एवढं मोठं. "तुमची मानसं," आजी मला म्हणायची. मी म्हणायचे, "आजी, ती आमची नाहीत. आमची गेटवरून येतात." तिला तो फरक काही पटायचा नाही.

पाऊस संपून गाणाच्या कडेला मऊ चिखल उघडा पडायला लागला होता. शनिवारी सकाळी मी केंद्रावर पोचते तोच नरेशदादाचा फोन आला. तो आधीच म्हसगाणावर गेला होता.

"दर्शना, जशी असशील तशी ये. आपल्याकडं वाघ आलाय."

"बिबट्या म्हणायचंय का तुला?"

"बिबट्या माझ्या घराच्या मागं पण येतो गं. पट्टेवाला म्हणतोय मी, पट्टेवाला!"

मी गेले. चिखलात पावलांची ओळ होती. मोठी, खोल, एकामागे एक. मी खाली बसले आणि सवयीनं एकेक पाऊल बघू लागले. पहिलं उजवं. दुसरं उजवं. तिसरं उजवं. सगळ्या पावलांत बाहेरचं बोट बाकीच्यांपासून जरा फटकून होतं. पुढचा-मागचा फरक कुठेच नव्हता.

"दादा, हे सगळे उजवे पाय आहेत."

"मग?"

"मग डावे कुठे गेले?"

नरेशदादा हसरा माणूस. पाहुण्यांना गप्पांत गुंगवावं तर त्यानंच. पण तेव्हा तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हे आणखी कोणाला बोललीस?"

"आताच तर आले मी."

"मग नको बोलूस. मी फोटो टाकलाय ग्रुपवर. बघू काय होतंय."

त्या क्षणी मला त्याचा संशय आला. लिहायला बरं वाटत नाही, पण आला. आमचा मागचा हंगाम वाईट गेला होता. पाहुणे समुद्रावरच थांबायचे, वर कोणी यायचं नाही. जीपवाले, जेवण करून देणाऱ्या बाया, आम्ही गाईड, सगळे हात चोळत बसलो होतो. वाघ आला तर कोणाला नको होता?

फोटो दुपारपर्यंत नागावला पोचला. तिथून अनंतशेठ स्वतः आले. त्यांचा होमस्टे आहे आणि समुद्रावर पाण्याचे खेळ आहेत. पांढरी पँट घालून ते चिखलाच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "आजवर रबरी केळ्यावर बसवून लोकांना समुद्रात पाडत होतो. आता देवानं खरा धंदा धाडला." त्यांच्या मागे पाहुण्यांच्या तीन जीपा होत्या. लहान मुलांना कडेवर घेऊन आया चिखल बघत होत्या. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "अहो, जरा पुढे व्हा ना, पाऊल आणि तुम्ही एका फोटोत येत नाही."

मग मला अनंतशेठचाही संशय आला.

रविवारी सकाळी आणखी पावलं उमटली. ही आदल्या दिवशीपेक्षा मोठी होती. बरीच मोठी. पुन्हा सगळी उजवी. नरेशदादानं त्यावर हात पसरून बघितला आणि पुटपुटला, "एका रात्रीत वाढला काय हा?"

"दादा, खरं सांग. कपाटातला ठसा तू काढला होतास?"

"मी? आगं, मीच तुला विचारणार होतो. तू झूलॉजीवाली. हे असलं आम्हाला सुचतं का?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. तीन हंगाम एका डब्यात जेवलेली माणसं. त्या दिवशी मी माझा डबा वेगळा बसून खाल्ला.

दुपारी रेंजर साहेब आले. त्यांना मी घाबरते. ते ओरडत नाहीत, पण कोणाचंही पहिलं उत्तर धरत नाहीत. त्यांनी कपाट उघडायला लावलं, ठसा हातात घेऊन उलटासुलटा केला, नखानं खरवडला.

"हा कोणी पुसला?"

"मी," नरेशदादा म्हणाला. "पाहुणे येतायत म्हणून. धूळ होती."

"धूळ होती की चिखल होता?"

"धूळच होती साहेब."

"हं," साहेब म्हणाले. मग आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. उद्या सकाळी ते स्वतः पावलं बघणार. वाघ आहे असं ठरलं तर वर कळवावं लागेल. म्हसगाणाचा भाग बंद होईल, कॅमेरे लागतील, मोठी माणसं येतील. आणि ती दोन घरं तिथे ठेवता येणार नाहीत.

"आजीचं घर?" मी विचारलं.

"वाघाच्या तोंडाशी म्हातारी ठेवून उद्या काही झालं तर मान कोणाची जाईल? खाली रस्त्यालगत कुठेतरी बघू तिच्यासाठी."

"आणि म्हशी?"

"म्हशींचंही बघू."

विदर्भातली ती पत्र्यांची सरळ रांग मला दिसली. तिथे एकाही दारात म्हैस नव्हती.

"आणि वाघ खोटा निघाला," साहेब उठता उठता म्हणाले, "तर ज्यांच्याकडे चाव्या आहेत त्यांना मी आधी विचारणार."

उन्हं कलायच्या सुमारास मी एकटीच म्हसगाणावर गेले. आजीला हे कोणीतरी सांगायला हवं होतं, बाकी काही माझ्या मनात नव्हतं. ती अंगणात बसून शेणी थापत होती.

"आलीस? वाघ बघाया आलीस, का मला?"

"तुम्हाला."

"बरी आठवन झाली." तिनं हात धुतले आणि ताक आणून दिलं. मी भिंतीला टेकून बसले. समोरच्या कुडावर ताज्या शेणी ओळीनं लावलेल्या होत्या. प्रत्येक शेणीवर तिच्या हाताचा ठसा. चार बोटं आणि तळवा. सगळ्या शेणींवर करंगळीचा ठसा बाकीच्या बोटांपासून जरा फटकून. तिची उजवी करंगळी कधीतरी कोयत्याखाली येऊन वाकडी झाली आहे. ती मी कितीतरी वेळा पाहिली होती, पण ठसा म्हणून कधी पाहिली नव्हती.

ताक माझ्या हातात तसंच राहिलं. नरेशदादा नाही, अनंतशेठ नाही, प्लास्टर नाही. गाणावरचा वाघ आजीनं थापला होता. बोटांची टोकं आणि तळव्याची टाच, जन्मभर शेणी थापणाऱ्या हाताला अवघड काय?

"आजी, गाणावर वाघ आलाय म्हणतात."

"म्हनतात खरं."

"तुम्ही पाहिलात?"

"मी म्हातारी. मला काय दिसतंय?"

"म्हशी भ्याल्या का?"

"म्हशी कशापायी भ्यातील?" ती पटकन म्हणाली. मग सावकाश म्हणाली, "भ्याल्या. भ्याल्या की."

मी तिला सगळं सांगितलं. वाघ ठरला तर इथून उठवतील, खाली रस्त्याला नेतील, म्हशींचं काही नक्की नाही. ती शेणाच्या पाटीकडे बघत ऐकत होती.

"वाघ आला तर आमाला का उठवतील? आमचं नि वाघाचं काय वाकडं हाय? उठवायचं तर त्या बाटलीवाल्यांना उठवा."

"तसं नसतं आजी. वाघ आला की आधी राहणाऱ्यांना उठवतात."

"तुला कुनी धाडलं हे सांगाया? त्या जंगलवाल्यानं?"

"कोणी नाही. माझी मी आले."

"गल्यात त्यांचा बिल्ला नि म्हनतीस माझी मी आले." तिचे डोळे बारीक झाले होते. "समदे मिळून मला उठवाया बघताय. तू गोड बोलाया आलीस."

बिल्ला होताच गळ्यात. मी उठले तेव्हा तिनं मागून विचारलं.

"ए पोरी. येक सांग. आमच्या वखताला वाघ हाय म्हटलं तर मानूस त्या वाटंला पाऊल टाकत नसे. आनि हे लोक? पोरंबाळं कडंवर घिऊन येतात. यांना भ्या न्हाय?"

"नाही आजी. वाघ बघायला मिळावा म्हणून ते लांबून लांबून येतात. वाघ आहे म्हटलं की आणखी येतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी थट्टा करतेय का, हे बहुधा शोधत होती. "आनखी येतात?"

"हो."

"जितकं थोरलं पाऊल तितकं ज्यास्ती?"

"हो आजी."

तिनं पाटी उचलली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी म्हसगाणावर साहेब, दोन गार्ड, आम्ही गाईड, अनंतशेठ आणि त्यांचे मुक्कामाचे पाहुणे, असे बरेच जण जमलो. पलीकडच्या काठावर आजी म्हशींजवळ उभी होती. आमच्याकडे बघतही नव्हती. साहेबांनी आधी नरेशदादाला विचारलं.

"वाघच वाटतो साहेब," दादा म्हणाला, जमिनीकडे बघत.

"तुला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याबरोबर जंगल हिंडलेली माणसं होती ती. त्यांच्या घरी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा बरं काम आलं होतं. एका शब्दावर ते जाणार होतं. आणि दुसऱ्या शब्दावर पलीकडच्या काठावरचं घर जाणार होतं. माझा आवाज नेहमीच बारीक निघतो, तेव्हा आणखीच बारीक निघाला.

"साहेब, हा वाघ लंगडी घालत आलाय."

"काय?"

"सगळी पावलं उजव्या पायाची आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पायावर आलाय."

पाहुण्यांमधला एक मुलगा मोठ्यानं हसला आणि मग बाकीचेही हसले. अनंतशेठ हसले नाहीत. नरेशदादा तर नाहीच नाही. साहेबांनी पिशवीतून प्लास्टरचा ठसा काढला आणि पावलांशेजारी चिखलात दाबला. तो शनिवारच्या पावलांपेक्षा मोठा आणि रविवारच्या पावलांपेक्षा लहान होता. बोटांची ठेवणही जुळत नव्हती. आमच्या चाव्या सुटल्या. दादानं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"म्हणजे ठसा नाही," साहेब म्हणाले. "मग कोणी केलं?"

"ते मला सांगता येणार नाही."

"माहीत नाही, की सांगता येणार नाही?"

माहीत नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ते तोंडातून निघालं नाही. "सांगता येणार नाही," मी म्हटलं.

साहेब वाकले आणि त्या फटकून असलेल्या बोटाकडे बघू लागले. एक पाऊल, मग दुसरं, मग तिसरं. ते फार सावकाश बघत होते. तेवढ्यात पलीकडून "हल्या, हल्या!" असा आवाज आला आणि आजीच्या सगळ्या म्हशी पाण्यात घुसल्या. पाण्यातून सरळ आमच्या अंगावर. पाहुणे ओरडत मागे पळाले, अनंतशेठची पांढरी पँट गेली. म्हशी चिखलात शिरल्या, उभ्या राहिल्या, दोन तर आरामात लोळल्याही.

"अहो बाई! आवरा त्यांना! पावलं पुसतायत सगळी!" एक गार्ड ओरडला.

"तानलेल्या हायत सायेब," आजी पलीकडून ओरडली. "म्हशीला काय कळतंय वाघबिघ!"

थोड्या वेळानं तिथे फक्त खूर उमटलेले होते. साहेब काठाला उभे होते. त्यांनी आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं, असं मला आजही वाटतं, पण ते मी ठामपणे सांगू शकत नाही. ते गार्डला म्हणाले, "वाघ नाही. कोणाचा तरी खोडसाळपणा. वर काही कळवायचं नाही."

परतताना गेटवर त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी बिल्ला काढून दिला. "तू खरं बोललीस," ते म्हणाले, "पण सगळं बोलली नाहीस. अशा माणसाच्या हाती मी पाहुणे कसे देऊ?" मला राग आला नाही. तेही त्यांच्या जागी बरोबर होते.

नरेशदादाचं बोलणं जास्त लागलं. तो म्हणाला, "एवढी शिकलीस. दोन दिवस तरी राहू द्यायचा होतास गं वाघ." त्या आठवड्यात आलेली सगळी बुकिंगं रद्द झाली. जेवण करणाऱ्या बायांपैकी एक माझ्या आईशी अजून बोलत नाही. आईनं मला एकदाच विचारलं, "तुझं काय गेलं असतं?" मी तिला आजीचं नाव सांगितलं नाही. आता सांगितलं तरी चालेल असं वाटतं, कारण साहेबांची बदली झाली आहे आणि इथे लिहिलेली नावं मी बदलली आहेत.

साहेबांनी जाण्याआधी एक गोष्ट केली. मागच्या कच्च्या रस्त्यावर आडवा चर खणला. कागदावर तो वृक्षलागवडीसाठी होता. लागवड काही झाली नाही, पण जीपा थांबल्या. काही महिने म्हसगाणावर फक्त पाणकोंबड्यांचा आवाज होता.

गेल्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म भरून मी वर गेले, सहज. चरात कोणीतरी दगड टाकून तो बुजवला होता. दगडांवर टायरचे ताजे वळ होते. गाणाच्या कडेला काच चमकत होती. आजी अंगणातच होती. तिनं ताक दिलं. बिल्ला नसलेल्या गळ्याकडे बघितलं. म्हशी, मुलाचं लग्न, माझी परीक्षा, असं बोलणं झालं. "वाघ आला म्हनून तर चर पडला व्हता," ती मधेच म्हणाली. मग तिनं विचारलं,

"तू तिकडं लांब गेलतीस, तवा खरा वाघ बघितलास म्हनं."

"पाठ बघितली."

"चालतो कसा गं?"

"डौलात चालतो. घाई नसते त्याला."

"तसं न्हवं. पाय कसं टाकतो? येक डावा, येक उजवा? का दोन डावे मंग दोन उजवे?"

"पुढचा पडतो आणि मागचा जवळजवळ त्याच्याच जागी पडतो."

"मला न्हाय समजत असं सांगून. चालून दाव बघू जरा."

शेणानं नुकतंच सारवलेलं अंगण अजून ओलं होतं. मी हसले, ओढणी कमरेला खोचली, खाली वाकले आणि दोन्ही हात जमिनीला टेकले. उजवा हात उचलून पुढे टाकणार, एवढ्यात मी तशीच थांबले. मान वळवून वर बघितलं. आजी उंबऱ्यावर पुढे सरकून बसली होती आणि माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होती.

"कशाला हवंय आजी तुम्हाला?"

"असंच," ती म्हणाली. "म्हातारीला काय उद्योग?"